ताईचा बर्फ, माझं ऊन

नकाशावर बोट ठेवून आम्ही दोघींनी करार केला. वरचे पाच दिवस ताईचे, खालचे चार माझे. ताईला हिवाळ्यात बर्फ हवा, तोही लांब डोंगरावर दिसणारा नाही, तर दारात साचलेला, बुटाखाली वाजणारा. मला हिवाळ्यात ऊन हवं, थेट अंगावर. लहानपणापासून हे असंच चालत आलंय. गारठा वाढला की ती गच्चीत जायची आणि मी गोधडीत शिरायचे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एकाच देशात दोघींची सोय कुठे होईल हे शोधताना जपान सापडला. उत्तरेला होक्काइदो बेटावरचं, ४३ अक्षांशावरचं साप्पोरो, दक्षिणेला ओकिनावा बेटावरचं, २६ अक्षांशावरचं नाहा, मधे साधारण सव्वादोन हजार किलोमीटर. अट एकच ठेवली: दुसरीच्या दिवसांत कुरकुर करायची नाही.

दिवस पहिला: साप्पोरो

विमानतळावरून गाडी पाऊण तासाच्या आत शहरात पोचते. स्टेशनाबाहेर उणे सहा होतं आणि बर्फ पडत होता. ताईने टोपी काढून हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. दोन मिनिटांत तिचे केस पांढरे झाले. मी तोवर दोन्ही खिशांतली काइरोची पाकिटं फोडली होती.

काइरो म्हणजे हातात मावणारी ऊब देणारी पुडी. आत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा असं असतं. वेष्टण फाडलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना उष्णता बाहेर पडते. कित्येक तास पुरते. मला ती लागतेच, कारण थंडीत माझी बोटं पांढरी पडतात, अगदी खडूसारखी. बोटांतल्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात. १८६२ साली मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने याचं वर्णन केलं, म्हणून या त्रासाला त्याचंच नाव आहे. थंडी आवडत नाही म्हटलं की लोक मला आळशी समजतात. म्हणून हे आधीच सांगून टाकते.

साप्पोरोत जवळपास २० लाख माणसं राहतात आणि दर हिवाळ्यात सगळा मिळून पाचेक मीटर बर्फ पडतो. सायबेरियावरून निघालेलं कोरडं, थंडगार वारं जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पिऊन घेतं आणि इथल्या डोंगरांना थडकलं की सगळं ओतून टाकतं. एवढ्या मोठ्या शहराने त्याच्याशी जुळवून घेतलंय. लोक छत्री न उघडता चालत होते. खांद्यावरचा बर्फ दारात झटकायचा आणि आत जायचं, बस.

रात्री जेवून परतताना एका गल्लीत ताईने माझा दंड धरला. "ऐक," म्हणाली.

मी ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. मुख्य रस्ता शंभर पावलांवर होता, तरी गाड्यांचा आवाज नाही. ताज्या बर्फाच्या कणांमधे इतकी पोकळी असते की आवाज तिच्यात शिरतो आणि तिथेच मुरतो.

"याच्यासाठी," ताई म्हणाली.

दिवस दुसरा: साप्पोरो

सकाळी चौकात मी घसरून पडले. गाड्यांच्या चाकांनी घासून घासून रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर काचेसारखा गुळगुळीत थर होतो. सगळ्यात जास्त माणसं तिथेच पडतात हे पडल्यावर कळलं. लागलं फारसं नाही. कोपऱ्यावर एक पेटी होती, तिच्यात बारीक खडीच्या पिशव्या. कुणीही पिशवी घ्यावी, पायांपुढे खडी पसरावी आणि पुढे जावं. एका आजींनी माझ्यासाठी पिशवी फोडली, खडी टाकली, मान लववली आणि निघून गेल्या. त्यांची पावलं छोटी, सपाट, सगळा भार पुढच्या पायावर. दिवसभर मी त्यांच्यासारखं चालत राहिले आणि पुन्हा पडले नाही.

ताईला होक्काइदो विद्यापीठात जायचं होतं, एक दगड बघायला. आवारात षटकोनी स्मारकशिला आहे. उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाने १९३६ साली इथे पहिल्यांदा प्रयोगशाळेत हिमकण वाढवून दाखवला. त्याआधी त्याने खऱ्या हिमकणांचे तीन हजारांवर फोटो काढून त्यांची वर्गवारी केली होती. कृत्रिम हिमकण काही केल्या धरत नव्हता. कण वाढायला कुठल्यातरी धाग्याचा आधार लागतो, आणि नेहमीच्या धाग्यांवर नुसती बर्फाची बुरशी चढायची. शेवटी जमलं ते सशाच्या केसावर. मग हवेची थंडी आणि ओलावा बदलत त्याने कोष्टकच तयार केलं: उणे पाचच्या आसपास सुया होतात, उणे पंधराच्या आसपास फांद्याफांद्यांची चांदणी. म्हणजे जमिनीवर आलेल्या कणाचा आकार बघून वरच्या ढगांत काय हवा होती ते ओळखता येतं.

दगड बर्फात अर्धा बुडालेला होता. ताईने तो हातांनी मोकळा केला. मग पर्समधून भिंग काढलं, तिने ते खास याच्यासाठी आणलं होतं, आणि मला काळ्या हातमोज्याचा हात पुढे धरायला सांगितला. "श्वास दुसरीकडे सोड," म्हणाली.

एक कण मोज्याच्या लोकरीवर अडकला, दोन तंतूंच्या मधे, तिरपा. नखाच्या अर्ध्याएवढाही नव्हता. भिंगाखाली सहा हात दिसले, प्रत्येक हाताला नेचाच्या पानासारख्या बारक्या फांद्या, समोरासमोर. एक हात टोकाशी मोडलेला. मधोमध सुईच्या टोकाएवढी षटकोनी चकती आणि तिच्यातही रेघा. मी बघत असतानाच एका फांदीची कड गोलसर झाली, मग दुसरीची, आणि सगळा तारा पाण्याच्या एका थेंबात बसला. माझ्या हाताची ऊब पोचली होती. त्या बोटांतून, जी मला कधीच गरम वाटत नाहीत.

आम्ही तिथे तासभर होतो. मी अजूनही ऊनवालीच आहे, पण तो तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

येताना ओदोरी बागेतून आलो. पुढच्या महिन्यातल्या हिमोत्सवासाठी इमारतींएवढे बर्फाचे ठोकळे रचायचं काम चाललं होतं. हा उत्सव १९५० पासूनचा. ताईला त्यात रस नव्हता. "घडवलेला बर्फ काय बघायचा," म्हणाली.

दिवस तिसरा: कुशिरोमार्गे कुश्शारो

दिवस गाडीत गेला. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलो आणि ढग संपले. जपानच्या समुद्राकडचं बाष्प पश्चिमेच्या डोंगरांवरच खाली होतं, म्हणून या बाजूला हिवाळ्यात बर्फ कमी आणि आकाश निळं. थंडी मात्र कडक. मी खिडकीजवळची जागा ताईकडून मागून घेतली आणि कुशिरोपर्यंत उन्हात बसले.

कुशिरोच्या पुढे दलदलीच्या कडेने छोटी गाडी जाते. पिवळ्या गवतात दोन तांबड्या माथ्याचे क्रौंच उभे होते. हे पक्षी जपानमधून संपले असं मानलं जात होतं, मग १९२४ साली याच दलदलीत मोजके उरलेले सापडले. पुढे हिवाळ्यात त्यांना दाणे घालायला सुरुवात झाली आणि आज ते हजारावर आहेत. इथले क्रौंच हिवाळ्यात कुठे जात नाहीत. इथेच राहतात.

"माझ्यासारखे," ताई म्हणाली.

दिवस चौथा: कुश्शारो सरोवर

सकाळी उणे एकवीस. एवढ्या थंडीत पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक झाल्याचं कळतं. बुटाखालचा बर्फ कालपर्यंत भुसभुशीत होता, आज तो करकरत होता, कोरड्या खडूसारखा. पापण्यांना पांढरे कण चिकटले. ताई बोलायची थांबली होती. ती खूप खूश असली की बोलत नाही.

कुश्शारो हे ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडात साचलेलं सरोवर, जपानमधलं या प्रकारातलं सगळ्यात मोठं. हिवाळ्यात ते जवळजवळ सगळं गोठतं. पण सुनायू नावाच्या काठावर वाळूखालून गरम पाणी झिरपतं, त्यामुळे तिथली पट्टी उघडी राहते. त्या पट्टीवर हंस होते. पिवळ्या चोचीचे, मोठे, साठ-सत्तर तरी असतील. काही पाण्यात, काही वाफाळत्या काठावर चोच पिसांत खुपसून झोपलेले. पाण्यातून उठणारी वाफ मागच्या झाडांना बिलगून गोठली होती आणि प्रत्येक काडीला पांढरी कळा आली होती. मधूनच एखादा हंस भोंगा वाजवल्यासारखा ओरडे आणि समोरचं सगळं गोठलेलं सरोवर ते ऐकून घेई.

हे हंस सायबेरियातून येतात. उणे एकवीस ही त्यांच्यासाठी उबेची जागा आहे! उन्हाळ्यातलं घर गोठलं म्हणून दक्षिणेला उतरलेले पाहुणे. मी काठावर उभी राहून कितीतरी वेळ याच एका गोष्टीचा विचार करत होते. ज्याला ताई खरा हिवाळा म्हणते त्याच्याकडे हे पक्षी हिवाळा टाळायला आले होते.

फोटो काढायला मी हातमोजे काढले. तीन-चार मिनिटं झाली असतील. उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडली, दुसऱ्या पेरापासून पुढे, जणू कुणी रेघ आखली. मग संवेदना गेली. काइरो खिशात होती पण नुसत्या तिने भागणार नव्हतं. ताईने काही न विचारता काठावरची वाळू उकरायला घेतली. वीतभर खोल गेली आणि खड्डा पाण्याने भरला. गरम, वाफा निघत होत्या. मी हात घालणार तोच तिने मनगट पकडलं.

"थेट नको. डॉक्टर काय म्हणाले होते?"

कोमट, असं म्हणाले होते. बधिर बोटांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही. ताईने मूठभर बर्फ खड्ड्यात टाकला. स्वतःची करंगळी घालून बघितली. अजून एक मूठ. अजून एक. चौथ्या मुठीनंतर म्हणाली, "आता."

बोटं आधी निळी झाली, मग लाल, आणि ठणकायला लागली. हा ठणका वाईट असतो पण मला तो ओळखीचा आहे, रक्त परत येत असतं. ताई शेजारी गुडघ्यांवर बसून दर मिनिटाला पाणी तपासत होती, थंड झालं की बाजूची वाळू उकरत होती, गरम झालं की बर्फ टाकत होती. हंस आमच्यापासून चार हातांवर झोपलेले होते.

दुपारी मी खोलीतच राहिले आणि ती पुन्हा बाहेर गेली. दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन पलंगभर आलं होतं. बाहेरचा बर्फ आलेल्या उजेडातला बहुतेक सगळा परत फेकतो, त्यामुळे खोलीत वरून ऊन आणि खालूनही. काचेआड बसून, स्वेटर काढून, मी दोन तास शेकत बसले. ऊन म्हणून बघितलं तर सगळ्या प्रवासातलं हेच सर्वांत चांगलं होतं.

दिवस पाचवा

परतीची गाडी, विमानतळाजवळ मुक्काम. ताई खिडकीला कपाळ टेकून बसली होती. तिचे दिवस संपले होते.

दिवस सहावा: नाहा

चारेक तासांच्या उड्डाणानंतर दार उघडलं आणि हवा चेहऱ्यावर आली. ओली, खारट, अठरा अंशांची. माझे खांदे खाली आले. पाच दिवस मी ते कानांपर्यंत उचलून धरले होते हे तेव्हा कळलं. खोलीत सामान टाकलं, मोजे काढले आणि तशीच समुद्रावर गेले. पायाखाली वाळू, बोटांमधून वाळू, आणि माझी सगळी दहा बोटं गुलाबी.

ऊन मात्र नव्हतं. ओकिनावाला कुरोशिओच्या उष्ण प्रवाहाची सोबत आहे, जानेवारीची सरासरी सतराच्या आसपास राहते. पण सायबेरियाचं तेच वारं समुद्रावरून इथपर्यंत येतं आणि ढग आणतं. उणे एकवीसमधे लख्ख ऊन होतं आणि इथे राखाडी आभाळ आणि जोराचं वारं. रस्त्यावरची इथली माणसं जाड जाकिटांत होती. त्यांच्यासाठी हा कडाक्याचा हिवाळा. २०१६ च्या जानेवारीत या बेटावर पाऊस आणि बर्फ मिसळून पडला, तेव्हा ती नोंदींतली पहिलीच वेळ होती.

"बघ, तुझं ऊन मीच दाखवलं," ताई म्हणाली. ती चिडवत नव्हती. तिला माझ्यासाठी खरंच वाईट वाटत होतं.

पण मला फारसं वाईट वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते संध्याकाळी भिंतीवर बसून बोलताना लक्षात आलं. थंडीत माझं सगळं ध्यान बोटांवर असतं. मोजा घट्ट बसलाय का, खिसा बंद आहे का, परत जायला किती वेळ आहे. समोर हंस असले तरी अर्धं मन हातात. उबेत मला हात आहेत हे मी विसरते, आणि मग सगळी बाहेर बघायला मोकळी होते. हे मी ताईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली.

"माझं उलटं आहे," ती म्हणाली. "गरम हवेत मला सतत माझं अंग जाणवतं. चिकट मान, चिकट पाठ, कपडे. डोकं जड. थंडीत मी मला जाणवतच नाही. नुसते डोळे उरतात."

चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना पटवायचा प्रयत्न करतोय. बर्फ किती सुंदर, ऊन किती छान. अंगाबद्दल कधीच बोललो नव्हतो.

दिवस सातवा: याएदाके

नागोजवळचा हा ४५३ मीटरचा डोंगर जानेवारीत गुलाबी होतो. इथली साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, वेगळी, गडद रंगाची, घंटेसारखी खाली बघणारी. जपानच्या इतर भागात साकुरा दक्षिणेकडून उत्तरेला सरकत जाते आणि होक्काइदोला पोचेपर्यंत एप्रिल संपत आलेला असतो. ओकिनावात मात्र ती उत्तरेकडून दक्षिणेला फुलते, आणि डोंगरावर माथ्यापासून पायथ्याकडे. कारण कळीला जाग यायला आधी थंडी लागते. जिथे गारवा आधी पोचतो तिथलं झाड आधी फुलतं.

ताईने हे वाचल्यावर तिचा दिवसच बदलला. वर माथ्यावर झाडं पूर्ण बहरलेली, खाली येता येता कळ्या वाढत गेल्या, आणि पायथ्याच्या काही झाडांवर तर नुसत्या लालसर गाठी. आम्ही रस्त्याने चालतच उतरलो. ती प्रत्येक वळणावर थांबून एखादी फांदी ओढून बघायची आणि सांगायची, "याला अजून थंडी हवी."

अर्धा तास ऊनही पडलं. मी रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर तोंड वर करून बसले, आणि ती सावलीत उभी राहून माझ्यासाठी थांबली.

दिवस आठवा: केरामाचा समुद्र

नाहाच्या पश्चिमेला केरामा बेटं आहेत. हिवाळ्यात तिथे हंपबॅक देवमासे येतात, थेट उत्तरेकडच्या थंड समुद्रांतून. तिकडे खाणं भरपूर, इथे जवळजवळ काहीच नाही. तरीही येतात, कारण जोडीदार इथे भेटतात आणि पिल्लं इथे जन्मतात. नवजात पिल्लाच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. आई इथे असेपर्यंत जवळजवळ उपाशी राहते आणि पिल्लाला दूध पाजते.

लाटा मोठ्या होत्या. बोटीतली निम्मी माणसं आडवी झाली, ताईसुद्धा. मी पुढच्या कठड्याला धरून उभी होते. वारं तोंडावर, पण हातांना काही झालं नाही. आधी वाफेचा फवारा दिसला, मग काळी पाठ, आणि तिच्या बाजूला अगदी चिकटून दुसरी छोटी पाठ. आई संथ वर आली, श्वास सोडला, तो ऐकू आला, एखाद्या मोठ्या दाराचं बिजागर सुटावं तसा. पिल्लाचा फवारा छोटा, घाईचा. आई खाली गेली. पिल्लू क्षणभर वरच राहिलं, गोंधळलं, मग शेपूट आपटून तिच्या मागे गेलं.

मी रडत होते. ताई मागून आली, चेहरा पांढराफटक, आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "कुठे?" तिने विचारलं. मी बोट दाखवलं. पुढचा फवारा यायला सहा-सात मिनिटं लागली. पोटात ढवळत असूनही ती तेवढा वेळ उभी राहिली.

दिवस नववा

सकाळी विमानतळावर ताईने फोनवर कुश्शारोची हवा बघितली. उणे तेवीस. नाहात सतरा, ढगाळ, वारं. माझ्याकडे काइरोची दोन पाकिटं उरली होती, ती मी तिच्या पिशवीत टाकली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ती एकटी जाणार आहे, ओखोत्स्कच्या समुद्रावर वाहत येणारा बर्फ बघायला. मला विचारलं. मी नाही म्हणाले. मी त्याच आठवड्यात पुन्हा केरामाला येईन म्हणते. रोज रात्री फोन करायचा, दिवसभरात काय दिसलं ते सांगायचं, एवढं ठरलंय.